काळ्या गुळाची साखर

डिसेंबर लागला की माझी बोटं चिकट होतात आणि महिनाभर चिकटच राहतात. परातीत दोन वाट्या पांढरी साखर घ्यायची, तिच्यावर निवलेला काळ्या गुळाचा पाक ओतायचा आणि दोन्ही हातांनी चोळत बसायचं. सुरुवातीला नुसत्या गाठी होतात. मग हळूहळू एकेका दाण्याला रंग चढत जातो, साखर ओल्या वाळूसारखी जड होते आणि मुठीत दाबली की मुठीचा आकार धरून बसते. केक करणाऱ्या बायका हिला ब्राऊन शुगर म्हणतात. हिच्यामुळे केक ओलसर राहतो, चार दिवसांनी कापला तरी भुगा पडत नाही.

पाकीट मिळतं, हे मला ठाऊक आहे. फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत दारात येतं. हे मला दर वर्षी कुणी ना कुणी तरी समजावून सांगतं, आणि वर विचारतं, "एवढा खटाटोप कशाला करतेस गं?" पूर्वी मी कारणं देत बसायचे. पाकिटातली ताजी नसते, महाग पडते, वगैरे. आता देत नाही. मला करायचा आहे म्हणून करते, एवढं सांगते आणि चोळत राहते.

यंदाही नवा गूळ बाजारात आला. आमच्या भिवंडीत थंडी ती काय पडते? लूमच्या शेडवरचे पत्रे सकाळी जरा गार लागतात, रिक्षावाले कानाला रुमाल बांधतात, संपली थंडी. पण गुळाच्या दुकानावरून जाताना तो जड, किंचित आंबूस वास नाकात शिरला आणि मी तिथेच थांबले. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवून वाजवून कावला. मला चार वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवत होता.

त्या वर्षी मी केकच्या धंद्यात नवखी होते. टेमघरच्या आमच्या सोसायटीतले दोन वाढदिवस माझ्या केकवर निभावले होते, आणि नवरा, संदीप, ज्या गोदामात काम करतो तिथल्या ऑफिसनं वर्षअखेरीसाठी सुक्या मेव्याचे केक सांगितले होते. कृतीत लिहिलं होतं, ब्राऊन शुगर, शक्यतो गडद. मी निजामपुऱ्यात जाऊन एका दुकानदाराला खणखणीत आवाजात विचारलं, "भैया, ब्राऊन शुगर है क्या?" त्यानं आधी रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भाभी, धीरे बोलिए. वो तो पुलिसवाला माल है." नशेची पूड नको, केकसाठी हवी आहे, असं सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं मला बूरा दिला, म्हणजे आपली पांढरीशुभ्र दळलेली साखर. शेवटी संदीपनं ठाण्याहून एक पाकीट आणलं. त्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: साखर, रंग. मी त्यातले चार दाणे पाण्यात टाकले. पाणी चहासारखं झालं आणि दाणे पांढरे पडले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. रंगवलेली साखर मी का घ्यावी? साखरेला गडद रंग येतो तो उसाच्या मळीमुळे, आणि मळी म्हणजे काय हे भिवंडी तालुक्यात जन्मलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. आधी साधा पिवळा गूळ वितळवून बघितला, तर रंगच येईना. घाईनं पाक गरमच ओतला, तर साखर विरघळून परातीत सरबत झालं. मग मी ठरवलं, काळाच गूळ हवा.

काळा गूळ म्हणजे गुरांचं खाणं, तो मागायला गेलं की माणसं अजून दचकतात. ठोक दुकानातल्या तरुणानं विचारलं, "घर पे भैंस है?"

"नहीं. केक बनाना है."

तो आतल्या अंधाराकडे बघून ओरडला, "अब्बा, ये भाभी काले गुड़ का केक बनाएगी!" आतून म्हाताऱ्याचं हसू ऐकू आलं. "बनाने दे," तो म्हणाला, "पहले तो इधर इसका कुछ और ही बनता था."

मीही हसले. जसं काही मला ठाऊकच नव्हतं, की पूर्वी त्याचं काय बनायचं.

आई तेव्हा माझ्याकडेच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, वाकायचं नाही, शेगडीपाशी जायचं नाही. खाडीकाठच्या गावात उभा जन्म काढलेली बाई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कॉटवर बसून राहायची आणि दिवसभर वैतागायची. मी गूळ फोडला, थोड्या पाण्यात घालून मंद आचेवर ठेवला आणि मेवा चिरायला बसले. वास घरभर पसरला. मी मुद्दाम कॉटकडे बघत नव्हते.

"मने," कॉटवरून आई म्हणाली, "आग बारीक कर. गुल धरतंय."

मी उठून बघितलं. पातेल्याच्या कडेला नुकतीच काळपट रेघ उमटायला लागली होती. अजून अर्धं मिनिट, आणि सगळा पाक कडू झाला असता.

"आये, तुना कसं कळलं?"

"नाकाला का मोतीबिंदू झालाय?" ती म्हणाली. पुन्हा एकदा हवा हुंगली. मग म्हणाली, "आजून चार उकल्या येऊ दे. मग उतर. फडक्यानं गाल. खाली माती राहील ती घेऊ नको."

मी उलथनं हातात धरून नुसती उभी राहिले. तीस वर्षांत आम्ही दोघींनी या वासाबद्दल एक शब्द काढला नव्हता.

आता लिहूनच टाकते. माझी आई दारू गाळायची. काळ्या गुळाची, हातभट्टीची, खाडीच्या तिवरांत. माझे वडील लूमवर होते, छातीत कापूस साठून साठून ते गेले. खाडीचा बांध फुटून आमच्या भातखाचरात खारं पाणी शिरलं होतं, तिथे तीन पावसाळे दाणा रुजला नाही. मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ पाचाचा. आईनं शेजारणीकडून विद्या उचलली आणि कामाला लागली. तिचा हंगाम हिवाळ्याचा. खाडीवर पहाटे धुकं दाटतं आणि धुक्यात धूर दिसत नाही, म्हणून. लोकांना हिवाळा म्हटलं की शेतात मडक्यात भाजलेली पोपटी आठवते, ओले वाल आठवतात, वज्रेश्वरीचं दर्शन आणि अकलोलीच्या कुंडातली गरम आंघोळ आठवते. मला धुक्यातून येणारी आई आठवते. अंगावर दव, पदर धुरकटलेला, आणि आल्या आल्या माझी वेणी घालायला बसायची. तिच्या हातांचा वास माझ्या केसांत उतरायचा आणि तो घेऊन मी शाळेत जायचे.

बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. एकीनं नाक दाबून विचारलं होतं, "तुझ्या घरात काय सडतं गं?" मी सांगितलं, म्हैस आहे, तिचं खाणं असतं. आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय म्हणून मी माझ्या हातानं लिहायचे, घरकाम. कॉलेजात लिहिलं, शेती. लग्नाच्या वेळी सासरच्यांना सांगितलं, भाजी विकायची. प्रत्येक वेळी आई बाजूला उभी असायची आणि प्रत्येक वेळी ती मान हलवायची.

एकदा धाड पडली. पोलिसांनी मडकी काठीनं फोडली, आतलं गुळाचं पाणी चिखलात वाहून गेलं, माश्यांचा नुसता सडा. आईला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. गावातल्या बायका दारात जमल्या होत्या, काही कळवळ्यानं, काही मजा बघायला. आई त्यांच्यामधून ताठ चालत आली, चूल पेटवली, आम्हाला भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण करून वाढलं, आणि म्हणाली, "जल्लं त्यांचं तोंड. मडकी कुंभाराकडं कमी हाईत का?"

मी तिला संत करत नाही. तिच्या दारूपायी घरं बसली, हे तिलाही ठाऊक होतं. आमच्या आळीतली एक बाई तान्हं पोर कडेवर घेऊन आईशी भांडायला आली होती. आई एक अक्षर उलट बोलली नाही. त्या बाईच्या नवऱ्याला तिनं पुढे कधी घोटभर दिली नाही. तो दुसरीकडे जाऊन प्यायला लागला. भाऊ आयटीआयला लागला तसं आईनं एका दिवसात सगळं बंद केलं आणि त्यानंतर आमच्या घरात गुळाचा खडासुद्धा आला नाही. पुरणपोळी साखरेची. तिळाचे लाडू साखरेच्या पाकातले, दगडासारखे टणक. दर संक्रांतीला ते चावताना मला वाटायचं, ही शिक्षा नक्की कुणाला आहे?

आणि त्या हिवाळ्यात तीच बाई काळा चष्मा लावून मला कॉटवरून हुकूम सोडत होती. पाकाचा थेंब बशीतल्या पाण्यात टाकून बघ. पसरला तर कच्चा हाय, तलाला बसला तर उतर. डॉक्टरांनी शेगडी मना केली होती, परात नव्हती केली. तिसऱ्या दिवशी तिनं परात मांडीवर ओढली. "आन हिकडं. तुज्या हातात जोर न्हाय." तिनं साखर चोळायला घेतली आणि मी तिचे हात बघत राहिले. घाई नाही, थांबणं नाही, तळव्याखालून दाणा न दाणा फिरत होता. दोन दिवसांनी साखर घट्ट व्हायला लागली तेव्हा तिनंच सांगितलं, मडक्याचं खापर पाण्यात भिजवून डब्यात ठेव. ठेवलं, साखर पुन्हा मऊ झाली. आम्ही तीन मोठे डबे भरले. तिच्या बोलण्यात भट्टीचं नाव नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण पहिल्या केकचा तुकडा तिनं तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "गुल वाया न्हाय गेला." मला रडू फुटलं, आणि मी ते कांदा चिरतेय अशा थाटात लपवलं. केकच्या घरात कांदा कसला?

त्या महिन्याअखेर सोसायटीच्या महिला मंडळाचा कार्यक्रम होता. अध्यक्ष सामंतबाई, निवृत्त बँक अधिकारी, इस्त्रीची साडी, इस्त्रीचं बोलणं. त्यांनी मला बोलावलं. मनीषानं सगळ्यांना ही घरगुती ब्राऊन शुगर करून दाखवावी. संदीपला मी विचारलं, "शिकलीस कुठे म्हणाल्या तर?" तो वाईट माणूस नाही, पण त्याला भानगड सोसत नाही. आईचं त्याला लग्नानंतर कळलं होतं आणि त्यानं ते नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. म्हणाला, "यूट्यूब म्हण आणि मोकळी हो. जुनं कशाला उकरतेस? आईंनाच त्रास."

आईंना त्रास. हे वाक्य मीही आयुष्यभर वापरत आले होते. लपवायचे मी, आणि नाव तिच्या त्रासाचं.

दुपारी चारला सोसायटीच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस बायका. आई दुसऱ्या रांगेत, काळा चष्मा लावून. मी पाक केला, निववला, साखर चोळली, केकचे तुकडे फिरवले. बायका खूश. कुणी फोटो काढले, तिथल्या तिथे सहा केक सांगितले. मग सामंतबाई उठल्या आणि हसून म्हणाल्या, "आता गुपित सांग. हे इतकं अचूक कुठे शिकलीस?"

मी आईकडे बघितलं. चष्म्यामागचं काही दिसलं नाही.

"यूट्यूबवर," मी म्हणाले.

टाळ्या झाल्या. आणि टाळ्या संपायच्या आत आई खुर्चीचा दांडा धरून उभी राहिली.

"न्हाय," ती म्हणाली. "हिनं फोनवर न्हाय बगलं. ह्यो पाक मी शिकवला."

"अरे वा, आजी!" सामंतबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे पूर्वी गुऱ्हाळ होतं वाटतं?"

"भट्टी होती," आई म्हणाली. "दारूची. नवरा मेल्यावर अकरा वरसं मी खाडीवर काल्या गुलाची दारू गालली. हिची शाला त्याच्यावर झाली, हिच्या भावाची झाली. पोलिसांनी दोनदा धरून नेली मना. लोकांच्या घरात त्या दारूनं वाईट झालं, त्येबी मना ठाऊक हाय, त्याचं मी देवाला सांगन. पन माजी पोर मना लपवून लपवून म्हातारी व्हायला लागली. म्हनून बोलली." मग ती खाली बसली आणि बशीतला राहिलेला केक खाऊ लागली.

 माझ्या कानशिलांवर रक्त चढलं होतं. लाज होती, मी नाही म्हणत नाही. पण ती आईची नव्हती. चाळीस वर्षांच्या बाईनं पस्तीस जणींसमोर आपल्या आईला पुन्हा एकदा पुसून टाकलं होतं, त्याची होती. मी माइक घेतला. म्हणाले, "आई खरं सांगते आहे. मी खोटं बोलले. साखर तिची आहे."

सहातल्या चार ऑर्डरी दुसऱ्या दिवसापर्यंत गेल्या. एकीकडे अचानक पाहुणे रद्द झाले, एकीला गव्हाची ॲलर्जी निघाली. एकीनं तर स्पष्टच सांगितलं की असल्या हातचं देवाच्या घरात नको. कुठल्या हातचं? ज्या हातांनी माझ्या वेण्या घातल्या त्या? मी फोन आपटला. आईला म्हटलं, "आये, मंडळाचं गेलं सगळं." ती म्हणाली, "जाऊ दे. साखर काय नासत न्हाय." संध्याकाळी संदीप घरी आला तो खांद्यावर काळ्या गुळाची ढेप घेऊन. ती ओट्यावर ठेवली, आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आई, गोदामात सगळे केक संपले. अजून आठ सांगितलेत." एवढंच. त्या दिवशी त्याच्यावर माझा फार जीव आला.

मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आधी नुसतं माझं नाव असायचं. आता आईचं नाव वर, माझं खाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सामंतबाईंचा फोन आला. आवाज खाली आणलेला. "मनीषा, तुझी ती साखर हवी होती गं. अर्धा किलो. पुण्याहून सून आलीये, तिला फार आवडली. असं कर, काळ्या पिशवीत बांधून खाली वॉचमनकडे ठेव. मी वर येत नाही, उगाच चार तोंडं बोलायला लागतात."

मी फोनवर हात ठेवला आणि आईला सांगितलं. आई परात पुसत होती. पुसायची थांबली.

"तुज्या शालेचा मास्तर यायचा आमच्याकडं," ती म्हणाली. मला हे ठाऊक नव्हतं. "कवा पुढच्या दारानं न्हाय आला. परसातनं यायचा, टोपी काढून खिशात घालायचा, पिशवी पुढं करायचा. आन दुसऱ्या दिवशी तुमाना वर्गात दारूबंदीवर निबंध लिवायला लावायचा. मी गुमान देयाची. तवा मना बोलायची सोय नव्हती."

"मग हिला काय सांगू?"

"तिना सांग, ह्या घराला एकच दार हाय."

मी फोन कानाला लावला आणि तेच सांगितलं, जसंच्या तसं.  पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं, आता सोसायटीत राहणं अवघड होणार. मनात म्हटलं, होऊ दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मी उठत होते तर आईनं हातानं मला खाली बसवलं. स्वतः भिंतीला धरत गेली आणि दार उघडलं. बाहेर सामंतबाई उभ्या होत्या, हातात घडी केलेली काळी पिशवी. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं होतं आणि त्यातून कुणीतरी बघत होतं. आईनं चष्मा वर सरकवला. नव्या डोळ्यानं आधी ते दार बघितलं, मग सामंतबाईंना.

"आतमदी या, बसा," ती मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "साखर आता चोलाया घेतलीय. येल लागंल."

सामंतबाई आत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. आई परातीपाशी जाऊन बसली. दार तिनं लावलं नाही.